ई-मेल पत्ता : वैध कोणता, अवैध कोणता?

परीक्षेचा अर्ज, बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, प्राप्तिकराचे विवरणपत्र. आज यांपैकी कोणत्याही कामासाठी संगणकापुढे बसले की ई-मेल पत्ता विचारला जातो. विसरलेला पासवर्ड नव्याने मिळवायचा असेल, तर त्याचा दुवाही याच पत्त्यावर येतो. साहजिकच हा पत्ता म्हणजे निव्वळ पत्रव्यवहाराचे साधन उरलेला नाही. नागरिकाच्या अनेक व्यवहारांची ती किल्ली झाली आहे. अशा वेळी 'कृपया वैध ई-मेल पत्ता द्यावा' अशी लाल अक्षरांतील सूचना पडद्यावर झळकली की अर्ज तेथेच अडतो. मात्र ज्या पत्त्यावर रोज पत्रे येतात, तो पत्ता अवैध कसा ठरतो, हा प्रश्न उरतोच. पत्त्याची वैधता ठरवणारे नियम वरवर दिसतात तितके सोपे नाहीत आणि अर्ज तपासणाऱ्या अनेक प्रणालींना ते पुरतेपणी ठाऊकही नसतात, हे या प्रश्नाचे उत्तर आहे.

@ चिन्हाचा जन्म

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र पाठवण्याचा प्रयोग १९७१ साली अमेरिकेत झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीतील अभियंता रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या जाळ्यावर तो केला. त्याआधी एकाच संगणकावर काम करणारे लोक परस्परांसाठी निरोप ठेवू शकत. निरोप दुसऱ्या संगणकावर न्यायचा, तर व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे दाखवणारे काहीतरी चिन्ह हवे होते. टॉमलिन्सन यांनी टेलिटाइप यंत्राच्या कळफलकावरील @ हे चिन्ह निवडले. हिशेबाच्या कागदांत 'दराने' या अर्थी वापरले जाणारे हे चिन्ह कोणाच्या नावात येण्याची शक्यता नव्हती आणि 'अमुक ठिकाणी' हा अर्थही त्यातून निघत होता. टॉमलिन्सन यांचे २०१६ साली निधन झाले. त्यांनी निवडलेले चिन्ह मात्र जगभर रूढ झाले.

पत्त्याचे नियम पुढे 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' अर्थात आरएफसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दस्तऐवजांच्या मालिकेत लिहिले गेले. १९७७ च्या आरएफसी ७३३ मध्ये @ या चिन्हाऐवजी 'ॲट' हा शब्द अक्षरांत लिहिण्याचीही मुभा होती. ऑगस्ट १९८२ मध्ये दोन महत्त्वाचे दस्तऐवज निघाले. जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ८२१ ने पत्राची वाहतूक कशी व्हावी हे सांगितले, तर डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ ने पत्राचा मायना कसा असावा हे ठरवले. एप्रिल २००१ मध्ये २८२१ व २८२२, तर ऑक्टोबर २००८ मध्ये ५३२१ व ५३२२ या क्रमांकांनी त्यांच्या सुधारित आवृत्त्या आल्या.

गुंतागुंतीचे मूळ या जोडीतच आहे. टपालाच्या पत्राला जसे पाकीट असते आणि आत मायन्याचा कागद असतो, तसेच ई-मेललाही असते. पाकिटावरच्या पत्त्याचे व्याकरण एका दस्तऐवजात आहे आणि मायन्यातील पत्त्याचे दुसऱ्यात. ही दोन व्याकरणे बरीचशी सारखी असली, तरी तंतोतंत एक नाहीत. मायन्यात चालणारी एखादी रचना पाकिटावर चालत नाही. त्यामुळे 'पत्ता वैध आहे का' या प्रश्नावर 'कोणत्या ठिकाणी' असा प्रतिप्रश्न करावा लागतो.

जुन्या वाटांच्या खुणा

आरंभीच्या काळात सगळी जाळी एकमेकांना जोडलेली नव्हती. युनिक्स संगणकांच्या यूयूसीपी या जाळ्यात पत्र कोणकोणत्या यंत्रांतून जायचे, ती वाटच पाठवणाऱ्याला पत्त्यात लिहावी लागे. यंत्रांच्या नावांमध्ये उद्गारचिन्ह घातले जाई : पहिले यंत्र, उद्गारचिन्ह, दुसरे यंत्र, उद्गारचिन्ह आणि अखेरीस व्यक्तीचे नाव. एका जाळ्यातून दुसऱ्यात शिरताना टक्केचिन्हाचा उपयोग होई. व्यक्ती, टक्केचिन्ह, आतील यंत्र, मग @ आणि दोन्ही जाळ्यांना जोडणारे यंत्र, अशी ती रचना होती. डोमेन नावांची व्यवस्था १९८३ पासून आकाराला आली आणि वाट लिहिण्याची गरज हळूहळू संपली. ती चिन्हे मात्र नियमांत कायम राहिली.

डावी बाजू : मुभा अधिक, समज कमी

@ चिन्हाच्या डावीकडील मजकुराला स्थानिक भाग म्हणतात. त्यात रोमन अक्षरे व अंक चालतात, हे सर्वांना ठाऊक असते. डॉट, हायफन व अंडरस्कोर हेही परिचयाचे आहेत. परंतु उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, अधिकचे चिन्ह, बरोबरचे चिन्ह, टक्केचिन्ह, डॉलरचे चिन्ह, तारका, तिरकी रेघ, महिरपी कंस आणि शब्दातील लोपचिन्ह हेही तितकेच वैध आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. आयरिश आडनावांत 'ओ' नंतर लोपचिन्ह येते. ते पत्त्यात घेणाऱ्या व्यक्तीला संकेतस्थळांनी नाकारणे, ही त्या समाजाची जुनी तक्रार आहे.

डॉटवर मात्र बंधन आहे. तो आरंभी वा शेवटी येता कामा नये आणि दोन डॉट लागोपाठ नसावेत. हे बंधनही अवतरणचिन्हांत गळून पडते. स्थानिक भाग दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिला की त्यात मोकळी जागा, स्वल्पविराम, लागोपाठचे डॉट, एवढेच नव्हे तर दुसरे @ चिन्हही बसू शकते. 'पत्त्यात @ एकदाच येते' हा सर्वमान्य समज त्यामुळे शब्दशः खरा नाही. मायन्यातील पत्त्यात तर कंसात शेरा लिहिण्याचीही सोय आहे आणि त्या कंसाच्या पोटात आणखी कंस चालतो. कंसांतील मजकूर वाचणाऱ्या यंत्राने पत्ता म्हणून धरायचा नसतो.

आणखी एक अपवाद सांगण्याजोगा आहे. टपालव्यवस्थेची देखभाल करणाऱ्यासाठी 'पोस्टमास्टर' हे नाव राखीव आहे. पाकिटावर ते एकटेच, @ आणि डोमेन यांच्याविनाही स्वीकारावे, असा नियम आहे. म्हणजे @ नसलेलाही एक पत्ता वैध आहे.

नियमात न बसणारे, तरी चालणारे पत्ते हेही वास्तव आहे. जपानमधील मोबाइल कंपन्यांनी एके काळी ग्राहकांना लागोपाठ डॉट असलेले किंवा @ च्या लगतच आधी डॉट असलेले पत्ते घेऊ दिले. नियमानुसार ते अवैध होते. परंतु त्यांवर पत्रे पोहोचत होती. कालांतराने असे नवे पत्ते देणे थांबले, तरी जुन्यांची अडचण उरली. नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या प्रणालींनी ते नाकारले आणि त्याचा भुर्दंड ग्राहकांना बसला.

उजवी बाजू : बदलत गेलेली यादी

उजवीकडील डोमेनचे नियम अधिक कडक आहेत. अक्षरे, अंक व हायफन एवढ्यांचीच तेथे मुभा आहे. दोन डॉटच्या मधला भाग ६३ अक्षरांहून मोठा असू शकत नाही आणि त्याच्या आरंभी वा शेवटी हायफन चालत नाही. हे नियम सोपे असले, तरी तपासणाऱ्यांची चूक होते ती अखेरच्या भागात. एके काळी कॉम, नेट, ऑर्ग अशी तीन अक्षरी नावे आणि देशांची दोन अक्षरी नावे एवढाच पसारा असल्यामुळे अनेकांनी 'अखेरचा भाग दोन किंवा तीन अक्षरांचा' असा नियम स्वतःच तयार केला. २००१ साली रोमन लिपीत चार अक्षरांचे 'इन्फो' आणि सहा अक्षरांचे 'म्युझियम' वापरात आले आणि हा नियम चुकीचा ठरला. २०१३ च्या अखेरीपासून तर नव्या नावांची रीघ लागली. 'फोटोग्राफी' या नावात रोमन लिपीतील ११ अक्षरे आहेत.

भारतीय वाचकाला लांबलचक डोमेन नवे नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा मुंबईच्या ग्राहकांच्या पत्त्यात @ नंतर यंत्राचे नाव, मग व्हीएसएनएल, नेट आणि अखेरीस 'इन' अशी चार पदरी रचना असे. 'इन' या डोमेनची नोंदणी मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून होत असे. २००५ साली ती निक्सी या संस्थेकडे गेली.

उजव्या बाजूस नावाऐवजी चौकटी कंसात यंत्राचा आकडी पत्ता लिहिणेही नियमात बसते. व्यवहारात असे पत्ते अगदी विरळ दिसतात आणि बहुतेक सर्व्हर ते नाकारतात.

लांबीचा घोळ

पत्ता किती लांब असू शकतो, या साध्या प्रश्नावर खुद्द जाणकारांचीही गफलत झाली. स्थानिक भागाला ६४ आणि डोमेनला २५५ ऑक्टेटची मर्यादा आहे. मधले चिन्ह धरून बेरीज ३२० होते. संकेतस्थळांकडून होणाऱ्या चुकीच्या तपासणीस आळा बसावा, म्हणून फेब्रुवारी २००४ मध्ये आरएफसी ३६९६ प्रसिद्ध झाला. त्यात ३२० हाच आकडा होता. तथापि पाकिटावरील पत्त्याला, त्याभोवतीचे कोनी कंस धरून, एकूण २५६ ऑक्टेटची वेगळी मर्यादा होती. दोन कंस वजा करता उरतात २५४. पुढे शुद्धिपत्र निघाले आणि हाच आकडा ग्राह्य धरला गेला. हा दस्तऐवज लिहिणारे जॉन क्लेन्सिन हे टपालवाहतुकीच्या मूळ नियमांच्या सुधारित आवृत्त्यांचेही लेखक आहेत, यावरून विषय किती निसरडा आहे हे ध्यानात यावे.

डावीकडचा अर्थ कोण लावणार?

नियमांतील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व असे की, डाव्या बाजूचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ उजव्या बाजूच्या धन्याचा आहे. वाटेतील कोणत्याही यंत्राने किंवा अर्ज स्वीकारणाऱ्या संकेतस्थळाने तो परस्पर लावू नये. डोमेनमध्ये रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे एकच मानली जातात. स्थानिक भागात मात्र ती भिन्न असू शकतात, असे नियम सांगतो. प्रत्यक्षात जवळजवळ सर्व सेवा ती एकच मानतात. पण त्यांच्या वतीने दुसऱ्याने तसे गृहीत धरणे नियमाला धरून नाही.

एप्रिल २००४ मध्ये सुरू झालेली जीमेल सेवा आपल्या पत्त्यांतील डॉट विचारात घेत नाही. नाव आणि आडनाव यांमध्ये डॉट असो वा नसो, पत्र एकाच पेटीत पडते. अन्य अनेक सेवांत मात्र डॉट घातलेला आणि न घातलेला हे दोन स्वतंत्र व्यक्तींचे पत्ते असू शकतात. अधिकच्या चिन्हाचेही तसेच आहे. जीमेलसह काही सेवांत नावापुढे हे चिन्ह व एखादा शब्द जोडला, तरी पत्र मूळ पेटीतच येते. वीजबिल, शाळा, खरेदी अशी पत्रे वेगळी लावण्यास ही सोय उपयोगी पडते. पत्ता कोणी दुसऱ्याला विकला, तर तो कोठून फुटला हेही त्यावरून कळते. असंख्य अर्ज नेमके हेच चिन्ह अवैध ठरवतात. काही प्रणाली तर ते न सांगता गाळून टाकतात आणि पत्र भलत्याच व्यक्तीकडे जाण्याची वाट मोकळी करतात.

सेवा देणारी कंपनी स्वतःचे नियम अधिक कडक ठेवू शकते, हेही खरे. जीमेल नवे नाव नोंदवताना अंडरस्कोर घेऊ देत नाही. म्हणून अंडरस्कोर असलेला अन्य सेवेचा पत्ता अवैध ठरत नाही.

सूत्रात न मावणारे व्याकरण

संकेतस्थळे पत्ता तपासण्यासाठी बहुधा 'रेग्युलर एक्स्प्रेशन' नावाचे चिन्हसूत्र वापरतात. आरएफसी ८२२ चे संपूर्ण व्याकरण अशा सूत्रात बसवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा सूत्र हजारो अक्षरांचे झाले. कंसांत कंस असलेले शेरे तर शुद्ध स्वरूपाच्या चिन्हसूत्राच्या आवाक्यातच येत नाहीत. ते आधी काढून टाकावे लागतात. साहजिकच बहुतेकांनी चार-दोन ओळींचे सोपे सूत्र पत्करले आणि ते एकमेकांकडून जसेच्या तसे उचलले. चुकाही त्याबरोबर पसरल्या. २०१४ साली प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ च्या कर्त्यांनी ई-मेलच्या रकान्यासाठी सूत्र देताना, आरएफसी ५३२२ चा आपण जाणीवपूर्वक भंग करीत आहोत, असे नमूद केले. शेरे आणि अवतरणचिन्हे यांना स्थान देणारे ते व्याकरण सर्वसामान्य वापरास अव्यवहार्य आहे, अशी त्यांची भूमिका होती.

दुसरीकडे, नियमांतील प्रत्येक मुभा डोळे मिटून स्वीकारणेही धोक्याचे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये 'पीएचपीमेलर' या लोकप्रिय प्रणालीत गंभीर दोष उघड झाला. अवतरणचिन्हांनी वेढलेला, व्याकरणदृष्ट्या वैध पत्ता प्रेषक म्हणून दिला की त्यातील मजकूर सर्व्हरपर्यंत आज्ञा म्हणून पोहोचू शकत होता. डिसेंबर २०१९ मध्ये 'जँगो' या प्रणालीतील दोष दुरुस्त करण्यात आला. टिंब नसलेला तुर्की 'आय' आणि साधा रोमन 'आय' पत्ता जुळवताना एकच मानले जात असल्यामुळे पासवर्ड बदलण्याचा दुवा दुसऱ्याच पत्त्यावर मागवणे शक्य होते. २०२४ साली संशोधक गॅरेथ हेज यांनी दाखवून दिले की, पत्त्यात दडवलेला सांकेतिक मजकूर एक प्रणाली जसाच्या तसा ठेवते आणि दुसरी उलगडते. तपासणीला डोमेन एक दिसते आणि पत्र जाते भलतीकडेच. अमुक कंपनीच्या डोमेनचा पत्ता असेल तरच प्रवेश, अशी व्यवस्था त्यामुळे फसू शकते.

देवनागरी पत्त्याची कसोटी

इतकी मुभा देणाऱ्या नियमांत दीर्घकाळ रोमनखेरीज अन्य लिपींना जागा नव्हती. डोमेनपुरता तोडगा २००३ साली निघाला. 'प्युनीकोड' या पद्धतीने अन्य लिपीतील नाव रोमन अक्षरांत रूपांतरित होते. 'भारत' हे डोमेन यंत्रांना 'एक्सएन', दोन हायफन आणि 'एच२बीआरजे९सी' असे दिसते. ऑक्टोबर २००७ मध्ये चाचणीसाठी ११ नावे सुरू करण्यात आली. त्यांत देवनागरीतील 'परीक्षा' हे होते आणि 'उदाहरण.परीक्षा' हे चाचणीचे संकेतस्थळ होते. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील '.भारत' ची नोंदणी खुली झाली. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी आदी भाषांना ते उपयोगी पडते.

डाव्या बाजूला मात्र प्युनीकोडचा उपाय लागू नाही, कारण तिचा अर्थ लावण्याचा अधिकार इतरांना नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ६५३० व त्यापुढील दस्तऐवजांनी संपूर्ण पत्ताच युनिकोडमध्ये लिहिण्याची वाट मोकळी केली. अट एवढीच की, वाटेतील प्रत्येक सर्व्हरने ही सोय स्वीकारलेली असावी. एकाने जरी नकार दिला, तरी पत्र परत येते. जीमेलने ऑगस्ट २०१४ मध्ये अशा पत्त्यांशी पत्रव्यवहाराची सोय केली. भारतीय भाषांतील पत्ते देणारी 'डेटामेल' सेवा जयपूरच्या कंपनीने २०१६ साली सुरू केली, तर राजस्थान सरकारने २०१७ साली नागरिकांसाठी हिंदी पत्त्यांची योजना आणली.

मराठी लेखनाच्या दृष्टीने काही बारकावे महत्त्वाचे आहेत. ६४ ची मर्यादा अक्षरांची नसून ऑक्टेटची आहे आणि युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ ऑक्टेट घेते. काना, मात्रा आणि हलन्तही त्यात स्वतंत्र मोजले जातात. 'ज्ञानेश्वर' या नावात अशी १० चिन्हे असल्याने त्याला ३० ऑक्टेट लागतात. एकूण २१ चिन्हांच्या पुढे जागा उरत नाही. 'कऱ्हाडे' या आडनावातील 'ऱ' एकाच चिन्हाने किंवा 'र' व नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. म्हणूनच लेखन एका ठरीव रूपात आणून साठवावे, अशी शिफारस आहे. शिवाय 'दीपक' आणि 'दिपक' हे दोन निराळे पत्ते आहेत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक येथे पत्र चुकीच्या हाती देऊ शकते.

एवढे असूनही मोठी अडचण नियमांची नसून अर्जांची आहे. पत्ता मिळाला, सर्व्हरने स्वीकारला, तरी अर्जातील जुने सूत्र देवनागरी अक्षर पाहताच तो अवैध ठरवते. 'युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स' या नावाने २०१५ पासून चाललेल्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांचा रोख याच अडथळ्यावर आहे. ज्याला रोमन लिपी वाचता येत नाही, त्याच्यासाठी हा अडथळा दुरुस्त होणे म्हणजे संगणकावरील सेवेचे दार उघडणे होय.

तपासणीची सुज्ञ रीत

व्याकरणाने पत्ता वैध ठरला म्हणजे ती पेटी अस्तित्वात आहे, असे नव्हे. आणि पेटी असली, तरी ती अर्जदाराचीच आहे, याची खात्री पटत नाही. ही खात्री एकाच मार्गाने होते. त्या पत्त्यावर पत्र पाठवावे आणि त्यातील दुवा उघडला गेल्यावरच तो पत्ता मान्य करावा. या पार्श्वभूमीवर पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

अर्ज तयार करणाऱ्यांसाठी :

* @ आहे का, त्याच्या दोन्ही बाजूंना मजकूर आहे का आणि लांबी २५४ ऑक्टेटच्या आत आहे का, एवढे पाहिले तरी पहिली चाळणी पुरेशी होते.
* त्यानंतर त्या डोमेनवर टपाल स्वीकारण्याची नोंद आहे का, हे पाहता येते. 'टपाल स्वीकारत नाही' असे जाहीर करण्याची सोयही २०१५ पासून आहे.
* चुकीची शंका आली, तर पत्ता नाकारू नये. 'तुम्हाला हे म्हणायचे आहे का' असे विचारावे.
* अधिकचे चिन्ह, डॉट वा लोपचिन्ह परस्पर गाळू नये.
* दिलेला पत्ता आज्ञा म्हणून वाचला जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.
* दुवा उघडला जाईपर्यंत त्या पत्त्यावर खासगी माहिती पाठवू नये.

वापरणाऱ्यांसाठी :

* नवा पत्ता घेताना अक्षरे, अंक आणि फार तर एखादा डॉट एवढ्यावर भागवावे. नियमांनी दिलेली प्रत्येक मुभा सर्वत्र मान्य होतेच असे नाही.
* दूरध्वनीवर पत्ता सांगताना डॉट, हायफन व अंडरस्कोर यांतील फरक स्पष्ट करावा.
* देवनागरी पत्ता घेतल्यास त्याच्या जोडीला रोमन लिपीतील पर्यायी पत्ता ठेवावा.
* चालू असलेला पत्ता एखाद्या कार्यालयाच्या अर्जाने नाकारला, तर संबंधितांना लेखी कळवावे. दोष पत्त्याचा नसून तपासणीचा असण्याची शक्यता मोठी असते.